मध्ययुगीन मराठीतील शब्दयोगी अव्ययांचे अर्थांतर : एक भाषाशास्त्रीय विवेचन

सारांश :
शब्दयोगी अव्यये ही भाषेतील आकाराने लहान, परंतु कार्याने महत्त्वाची अशी शब्दजाती आहे. प्रस्तुत लेखात यादवकाळापासून पेशवाईपर्यंतच्या मराठीत या अव्ययांचे अर्थ कसे पालटत गेले, याचे सोदाहरण विवेचन केले आहे. त्याच सुमारास इंग्रजी भाषेत घडलेल्या अशाच बदलाशी त्याची थोडक्यात तुलनाही केली आहे. जुन्या ग्रंथांचे व कागदपत्रांचे वाचन करताना अपरिचित शब्दांपेक्षा परिचित दिसणारी ही लहान अव्ययेच वाचकाची अधिक दिशाभूल करतात, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : शब्दयोगी अव्यय, विभक्ती, अर्थांतर, यादवकालीन मराठी, फारसीचा प्रभाव

१. प्रस्तावना

भाषा परिवर्तनशील असते, हे विधान आपण नेहमी करतो. मात्र परिवर्तनाची चर्चा करताना आपले लक्ष बहुधा नामे आणि क्रियापदे यांच्याकडेच जाते. एखादे नाम लुप्त झाले किंवा त्याचा अर्थ पालटला, तर ते चटकन ध्यानात येते. ‘वर’, ‘मागे’, ‘करिता’, ‘बद्दल’ यांसारखे शब्द मात्र आपण इतक्या सहजतेने वापरतो की, त्यांनाही इतिहास असतो हे विसरले जाते.

या विषयाचा विचार करण्यास आपल्या जिल्ह्याइतकी योग्य भूमी क्वचितच सापडेल. पारनेर ज्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानले जाणारे ‘लीळाचरित्र’ इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी सिद्ध केले. ते सराळ्याचे, म्हणजे गोदाकाठच्या याच परिसरातील होत. पुढे इ. स. १४९० मध्ये निजामशाही स्थापन झाली व अहमदनगर हे तिचे प्रमुख केंद्र बनले. म्हणजेच जुनी मराठी आणि तिच्यावर झालेला फारसीचा संस्कार, या दोन्ही गोष्टींचा साक्षीदार हा परिसर आहे.

२. शब्दयोगी अव्यय मुळात काय होते?

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत शब्दयोगी अव्ययांचे वर्गीकरण होत आले आहे. शालेय पुस्तकांतून कालवाचक, स्थलवाचक, हेतुवाचक, विनिमयवाचक अशा याद्या विद्यार्थी आजही पाठ करतात. या याद्यांतील बहुतेक अव्यये मुळात अव्यये नव्हती, ही बाब मात्र शिकवण्यात मागे पडते. त्यांतील बरीचशी नामांची विभक्तिरूपे होती आणि काही क्रियापदांपासून साधलेली कृदन्ते होती.

याचा पुरावा आजच्या मराठीतही मिळतो. आपण ‘झाडामागे’ म्हणतो, तसेच ‘झाडाच्या मागे’ असेही म्हणतो. ‘झाडाच्या’ हे षष्ठीचे रूप आहे आणि षष्ठीचा संबंध नामाशी असतो. ‘झाडाच्या मागे’ ही रचना मुळात ‘झाडाच्या मागावर’ अशा धर्तीची होती. ‘माग’ हा शब्द संस्कृत ‘मार्ग’ या शब्दापासून आला असून ‘चोराचा माग काढणे’ या प्रयोगात तो अजून जिवंत आहे. जो चालून गेला त्याची पावले जेथे उमटली ती जागा म्हणजे ‘माग’. त्या जागी असणे म्हणजे ‘मागे’ असणे.

अशी आणखी काही उदाहरणे पाहता येतील :

(अ) पाशी : संस्कृत ‘पार्श्व’ म्हणजे शरीराची बाजू, कूस. त्यापासून ‘पास’ आणि त्याची सप्तमी ‘पाशीं’. पुढे ‘माझ्यापाशी पैसे नाहीत’ अशा वाक्यात स्वामित्वाचा अर्थ आला.

(आ) कडे : ‘कड’ म्हणजे कंबर, बाजू, काठ. आई मूल ‘कडेवर’ घेते, रस्त्याच्या ‘कडेला’ झाड असते आणि आपण गावा‘कडे’ जातो. तिन्ही ठिकाणी शब्द एकच आहे.

(इ) जवळ : याचे मूळ संस्कृत ‘यमल’ म्हणजे जोडी या शब्दात शोधले जाते. जुळ्या भावंडांना ‘जावळी’ म्हणतात, त्या शब्दाशी याचे नाते आहे.

(ई) मुळे : ‘मूळ’ या नामाचे विभक्तिरूप. झाडाचे मूळ हेच कार्याचे कारण झाले.

(उ) ठायी : ‘ठाय’ म्हणजे स्थान. ‘संतांच्या ठायी’ म्हणताना आज आपल्याला स्थानाची आठवणही होत नाही.

पूर्वी ‘पाशीं’, ‘पायीं’, ‘पोटीं’, ‘घरीं’ या रूपांवर अनुस्वार लिहिला जाई. तो सप्तमी विभक्तीची खूण होता. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार लेखनातून काढले. लेखन सोपे झाले, हे खरेच. पण हे शब्द कधीकाळी नामे होते हे सांगणारी शेवटची दृश्य खूणही त्याबरोबर गेली.

३. विभक्तीची झीज आणि अव्ययांवरील वाढता भार

या नामांना अव्ययांचे काम का करावे लागले? याचे उत्तर विभक्तिप्रत्ययांच्या झिजेत आहे. संस्कृतात ‘गृहे’ या एका रूपाने ‘घरात’ हा अर्थ व्यक्त होई. प्राकृत व अपभ्रंश अवस्थांतून येताना हे प्रत्यय झिजले व अनेक रूपे एकमेकांसारखी दिसू लागली. यादवकालीन मराठीत ‘-ईं’ हा सप्तमीचा आणि ‘-एं’ हा तृतीयेचा प्रत्यय सजीव होता; ‘नगरीं’, ‘वनीं’, ‘हातें’, ‘देवें’ अशी रूपे त्या काळी सर्रास होत. आज ‘हातें’च्या जागी ‘हाताने’ आणि ‘वनीं’च्या जागी ‘वनात’ आले आहे. ‘-ई’ उरला तो ‘घरी’, ‘दारी’, ‘सकाळी’ अशा मोजक्या शब्दांपुरता.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. सेनापती बापट यांचा जन्म १८८० मध्ये पारनेर येथे झाला. हेच वाक्य ‘पारनेरी झाला’, ‘पारनेरास झाला’, ‘पारनेरला झाला’, ‘पारनेरात झाला’, ‘पारनेरमध्ये झाला’ असेही लिहिता येते. अर्थ एकच असला तरी प्रत्येक रूप भाषेच्या निराळ्या थराचे आहे. ‘पारनेरी’मध्ये जुनी सप्तमी आहे. ‘पारनेरमध्ये’ म्हणताना तर मूळ शब्दाचे सामान्यरूपही होत नाही; स्थलाचा सारा अर्थ एकट्या अव्ययाने पेलला आहे.

जुन्या मराठीतील काही अव्यये व प्रत्यय या वाटचालीत मागे पडले. कर्म दाखवणारा ‘तें’ (तयातें, मातें) गद्यातून पूर्ण नाहीसा झाला. ‘आत’ या अर्थाचे ‘माजी’ आणि ‘माझारीं’ हे शब्द लोपले. संस्कृत ‘मध्य’ या शब्दाचे ते प्राकृतातून आलेले रूप होते. आज ते फक्त ‘माजघर’ या शब्दात उरले आहे, आणि त्याची जागा त्याच संस्कृत शब्दाच्या तत्सम रूपाने, ‘मध्ये’ने, घेतली आहे. ‘विषयी’चे जुने रूप ‘विखीं’ गेले. ‘कडे, उद्देशून’ या अर्थाने सरसहा वापरला जाणारा ‘प्रति’ आज अर्जाच्या पहिल्या ओळीत जाऊन बसला आहे. ‘साठी, कडे’ अशा अर्थाचा ‘लागीं’ केवळ काव्यात राहिला. आजचा ‘ला’ हा प्रत्यय याच ‘लागीं’चे झिजलेले रूप असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे, इतरांना ते मान्य नाही. ते मत ग्राह्य धरल्यास नाम किंवा कृदन्त, मग अव्यय आणि शेवटी प्रत्यय, असा पूर्ण प्रवास एका शब्दात दिसतो.

४. अर्थांतराच्या दिशा

हे बदल यदृच्छेने झालेले नाहीत. त्यांत काही निश्चित दिशा आढळतात.

(अ) स्थलाकडून कालाकडे : ‘मागे’ म्हणजे पाठीशी, ‘मागे एकदा’ म्हणजे पूर्वी. ‘पारनेरपासून सुप्यापर्यंत’ हे अंतर आहे, तर ‘सकाळपासून संध्याकाळपर्यंत’ हा काळ आहे. ‘वर’ या शब्दाचे उदाहरण विशेष बोलके आहे. संस्कृत ‘उपरि’पासून आलेला हा शब्द आज प्रामुख्याने ‘पृष्ठभागी’ या अर्थाने येतो. जुन्या मराठीत ‘वरी’ हा शब्द ‘पर्यंत’ या अर्थानेही मोठ्या प्रमाणात वापरला जाई. ‘आजवर’, ‘कुठवर’, ‘तोवर’ या शब्दांत तो अर्थ टिकून आहे. प्राचीन ग्रंथातील ‘वरी’चा अर्थ प्रत्येक ठिकाणी ‘वरती’ असा केल्यास वाक्य अर्थपूर्ण तर वाटते, पण चुकीचे ठरते.

(आ) देहाकडून कारणाकडे : ‘पाय’ आणि ‘पोट’ या अवयवांची सप्तमीची रूपे आज कारण दाखवतात. ‘त्याच्या पोटी कन्या जन्मली’ येथे जन्माचा संबंध आहे. ‘रागापोटी’, ‘भीतीपोटी’, ‘प्रेमापोटी’ येथे मनातील भावना कृतीला जन्म देते. तेथून पुढे ‘भाड्यापोटी पाचशे रुपये मिळाले’ अशा पावतीच्या भाषेपर्यंत हा शब्द आला. ‘पायी’ची छटा निराळी आहे. ‘हट्टापायी’, ‘लोभापायी’, ‘दारूपायी’ या प्रयोगांत बहुधा काहीतरी गमावल्याची भावना असते. दुष्काळी भागात ‘पाण्यापायी गाव सोडले’ असे म्हणतात, तेव्हा ‘पाण्यामुळे’ या शब्दाने ती व्यथा व्यक्त होणार नाही.

(इ) कारणाकडून हेतूकडे : ‘कारणें’ हा शब्द मध्ययुगीन मराठीत ‘साठी’ या अर्थाने येतो, ‘पोटाकारणें’ म्हणजे पोटासाठी. ‘करितां’ हे ‘करणे’ या धातूचे कृदन्त आहे. आज ते हेतू दाखवते. पण जुन्या पत्रव्यवहारात ‘याकरितां’चा अर्थ पुष्कळदा ‘या कारणास्तव’ असा असतो. ‘पाऊस झाला नाही, याकरितां वसूल आला नाही’ अशा धर्तीच्या वाक्यात हेतू शोधू गेल्यास अर्थ लागणार नाही.

(ई) विनिमयाकडून हेतूकडे व विषयाकडे : ‘साठी’च्या व्युत्पत्तीबाबत मतभेद आहेत. तथापि, ‘साटीं’ हे जुने रूप आणि ‘साटेलोटे’ हा देवाणघेवाणीचा शब्द यांचे साम्य लक्षात घेता, मोबदल्याचा अर्थ त्यात पूर्वी होता असे मानण्यास आधार मिळतो. अमुक देऊन तमुक घ्यावयाचे, म्हणजे तमुकाच्या ‘साठी’ अमुक द्यावयाचे. मोबदल्यातून हेतू निघतो तो असा.

(उ) मूळ अर्थाचे विस्मरण : ‘नंतर’ हा शब्द ‘अनंतर’ या संस्कृत शब्दातील आद्य ‘अ’ लोपून झाला. ‘अनंतर’ म्हणजे ज्यात अंतर नाही असे, लगेचचे. आज आपण ‘वीस वर्षांनंतर’ म्हणतो, तेव्हा मूळ अर्थ पुसला गेलेला असतो. ‘वाचून’चेही तसेच. ‘वांचणे’ म्हणजे उरणे, बचावणे. त्याचे ‘वांचूनि’ हे रूप ‘वगळून, शिवाय’ या अर्थाचे अव्यय झाले. अनुस्वार गेल्यावर ‘पुस्तकावाचून’ आणि ‘पुस्तक वाचून’ यांतील ‘वाचून’ दिसायला एकच झाले.

५. फारसीचा संस्कार

निजामशाही, आदिलशाही व मोगल अंमलात राज्यकारभाराची भाषा फारसी होती. तिच्याद्वारे अनेक फारसी-अरबी शब्द मराठीत आले, हे सर्वज्ञात आहे. शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध करून अशा शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा यत्न झाला. तरीही शब्दयोगी अव्यये होऊन बसलेले शब्द हलले नाहीत. ती रोजच्या वाक्यरचनेत मुरली होती.

‘बद्दल’ हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ मोबदला, बदल. त्यावरून ‘च्या ऐवजी, च्या मोबदल्यात’ हा पहिला अर्थ आणि ‘च्या विषयी’ हा नंतरचा. आज ‘सहकार्याबद्दल आभार’ म्हणताना दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले असतात. शालेय व्याकरणात ‘बद्दल’ हे अव्यय ‘विनिमयवाचक’ गटात का असते, याचे उत्तर येथे मिळते. ‘ऐवजी’ हा शब्दही मोबदल्याचाच आहे. चोरांनी लाखाचा ‘ऐवज’ लांबवला, या वार्तेतील ऐवज आणि ‘त्याच्याऐवजी’ यांचे मूळ एक आहे. ‘खातर’ म्हणजे मन, मर्जी. ‘मार्फत’ म्हणजे ओळख, ज्ञान. ‘खेरीज’ म्हणजे बाहेरचा. ‘तर्फे’ म्हणजे बाजूने.

‘सह’ या अर्थाच्या शब्दांत तर पूर्ण पालट झाला. जुन्या मराठीतील ‘सवें’ काव्यापुरता उरला. आज बोलताना आपण ‘बरोबर’ किंवा ‘सोबत’ म्हणतो. ‘बरोबर’ हा फारसी शब्द. छातीला छाती लावून, म्हणजे एका ओळीत, समान असा त्याचा भाव. त्यातूनच ‘समान’, ‘अचूक’ आणि ‘सह’ हे तीन अर्थ झाले. ‘सोबत’ हा अरबी शब्द संगतीचा आहे.

६. इंग्रजीतील समांतर बदल

याच शतकांत इंग्रजीतही असाच बदल घडत होता. प्राचीन इंग्रजीत नामांना विभक्तिप्रत्यय होते. ते हळूहळू झिजले व त्यांचे कार्य शब्दापूर्वी येणाऱ्या अव्ययांकडे गेले. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर फ्रेंच ही राजदरबाराची भाषा झाली आणि तिच्या रचनांचा प्रभाव या अव्ययांवर पडला. षष्ठीचा अर्थ दाखवण्यासाठी ‘ऑव्ह’ या अव्ययाचा जो विस्तार झाला, त्याला फ्रेंच रचनेचे पाठबळ मिळाले. हे ‘ऑव्ह’ आणि ‘दूर’ या अर्थाचे ‘ऑफ’ मुळात एकच शब्द होते.

सर्वांत उल्लेखनीय उदाहरण ‘विथ’चे आहे. प्राचीन इंग्रजीत ‘विथ’चा मुख्य अर्थ ‘विरुद्ध’ असा होता. ‘विथस्टँड’ म्हणजे प्रतिकार करणे, या क्रियापदात तो अजून आहे. ‘सह’ या अर्थी ‘मिड’ हा शब्द होता. मध्ययुगात ‘विथ’ने ‘मिड’ला हटवले. ‘मिडवाइफ’ म्हणजे सुईण, या शब्दात तो ‘मिड’ शिल्लक आहे; बाळंतिणीच्या सोबत असणारी स्त्री, असा त्याचा अर्थ. आपला ‘सवें’ आणि त्यांचा ‘मिड’ यांची गत एकसारखीच झाली.

‘विरुद्ध’चा अर्थ ‘सह’ कसा होऊ शकतो, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर मराठीतील ‘शी’ या प्रत्ययात आहे. ‘तो मित्राशी बोलला’ आणि ‘तो शत्रूशी लढला’ या दोन्ही वाक्यांत ‘शी’ येतो. बोलण्यासाठी समोर कोणी लागतो, तसा लढण्यासाठीही लागतो. समोरासमोर येणे हा दोन्हींतील समान धागा होय.

इतर साम्येही लक्षणीय आहेत. ‘बिसाइड’ हा शब्द ‘बाजू’पासून बनला आहे, जसा आपला ‘पाशी’. ‘ड्यूरिंग’ हे टिकण्याच्या अर्थाच्या क्रियापदाचे कृदन्त आहे, जसे ‘करिता’ आणि ‘वांचून’. एकमेकींशी संपर्क नसलेल्या दोन भाषांनी त्या काळी सारखीच वाट धरली, यावरून ही प्रवृत्ती मानवी भाषाव्यवहाराच्या मुळाशी असावी असे म्हणता येते.

७. या अभ्यासाचे महत्त्व

हा विषय केवळ व्युत्पत्तीच्या कुतूहलाचा नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. या दर्जाचा आधार जुने ग्रंथ व शिलालेख हाच आहे. ते वाचू शकणारी पिढी घडवणे ही महाविद्यालयांची जबाबदारी ठरते. ‘तयातें’ पाहून विद्यार्थी थांबतो व कोश उघडतो. ‘वरी’, ‘करितां’, ‘बद्दल’ पाहून तो थांबत नाही, कारण ते त्याला आपलेच वाटतात. चूक तेथेच होते.

मोडी कागदपत्रांच्या बाबतीत याचे परिणाम व्यावहारिक असतात. समजा, एखाद्या जुन्या कागदात ‘कर्जाबद्दल जमीन दिली’ असे आहे. ‘कर्जाच्या मोबदल्यात’ असा अर्थ घेतल्यास जमिनीची मालकी बदलते. ‘कर्जाविषयी’ असा अर्थ घेतल्यास वाक्यच मोघम होते. लिप्यंतर अचूक असूनही अर्थ चुकू शकतो. त्यासाठी मोल्सवर्थ यांचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) हाताशी असणे अगत्याचे आहे. झूल ब्लॉक यांचा १९२० चा मराठीच्या घडणीवरील ग्रंथही या दृष्टीने मूलगामी आहे. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये त्याचे मराठी भाषांतर केले.

आणखी एक दक्षता आवश्यक आहे. जुने ग्रंथ नकलांच्या परंपरेने आले आहेत. ज्ञानेश्वरीची प्रत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, शुद्ध केली. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये निराळ्या पोथीवरून संहिता प्रसिद्ध केली. नकलाकार मोठा शब्द सहसा जपतो, पण लहान अव्यय नकळत आपल्या काळाचे लिहून जातो. त्यामुळे एखादे रूप तेराव्या शतकाचे म्हणण्यापूर्वी कोणती संहिता आपण पाहतो आहोत, हे सांगणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

८. निष्कर्ष

१. मराठीतील बहुतेक शब्दयोगी अव्यये मुळात देह, स्थान वा क्रिया दर्शवणारे शब्द होते.

२. विभक्तिप्रत्यय झिजल्यामुळे या शब्दांवरील कार्यभार वाढला व त्यांचे अर्थ अधिक अमूर्त झाले.

३. स्थलाकडून कालाकडे, देहाकडून कारणाकडे, कारणाकडून हेतूकडे आणि विनिमयाकडून विषयाकडे, या या बदलाच्या प्रमुख दिशा होत.

४. इंग्रजीवर फ्रेंचचा, तसा मराठीवर फारसीचा संस्कार या शब्दजातीपर्यंत पोहोचला.

५. ही प्रक्रिया थांबलेली नाही. ‘च्या माध्यमातून’, ‘च्या संदर्भात’, ‘च्या दृष्टीने’ या आजच्या शासकीय व वृत्तपत्रीय रचना म्हणजे घडत असलेली नवी शब्दयोगी अव्ययेच होत.

पदवी स्तरावर व्याकरण शिकवताना अव्ययांच्या याद्यांबरोबर त्यांचा इतिहासही सांगितला गेला, तर पाठांतराचा विषय आकलनाचा होईल. जुन्या ओळीतील ओळखीच्या शब्दापाशीही क्षणभर थांबून तो त्या काळी काय सांगत होता हे पाहण्याची सवय विद्यार्थ्याला लागली, तर सातशे वर्षांपूर्वी याच परिसरात बोलली गेलेली मराठी त्याला परकी राहणार नाही.